नाशिक परिसरात फोर बाय फोर क्लबसोबत हिवाळी ट्रेलला पहिल्यांदा निघताना

पावसाळ्यातला चिखल पाहून मागे हटलेले नवखे चालक बहुधा एकच बेत करतात: दिवाळी उलटू द्यावी, जमीन वाळू द्यावी आणि मग क्लबच्या एखाद्या हिवाळी फेरीत नाव द्यावे. बेत चुकीचा नाही, कारण डिसेंबर-जानेवारीत रस्ता दिसतो, ओहोळांचे पाणी उतरलेले असते आणि इंजिनही दिवसभर थंड राहते. मात्र पावसाळ्यातली वाईट जमीन लांबून वाईट दिसते, तर हिवाळ्यातली वाईट जमीन चांगली दिसते. ओल पापुद्र्याखाली असते, धोंडे वाळलेल्या गवतात असतात, आणि त्या गवताचाही स्वतंत्र धोका असतो. पुढील सूचना स्वतःची चार चाकांना जोर देणारी गाडी घेऊन प्रथमच येणाऱ्यांसाठी, फेरीच्या क्रमाने दिल्या आहेत.

आठवडाभर आधी: गाडी

पहिल्या फेरीसाठी गाडीत काहीही बदल करण्याची गरज नाही. नाशिकमध्येच तयार होणाऱ्या थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आहे, तर जिम्नीची २१० मिलिमीटर; क्लब नवख्यांसाठी जो मार्ग निवडतो, त्याला एवढी उंची पुरते. पुढे लोखंडी बुल बार बसवण्याचा मोह टाळावा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा बारवर कारवाई करण्याचे राज्यांना कळवले आहे, शिवाय पुढचे वजन वाढून गाडीचे नाक आधी रुतते. पैसे खर्चायचेच असतील तर ते टायरवर खर्चावेत.

स्टेपनी खरोखर वापरण्याजोगी आहे का, तिच्यात हवा आहे का आणि जॅक तिथल्या तिथे चालतो का, हे घरच्या अंगणात एकदा चाक काढून पाहावे. पुढे व मागे गाडी ओढण्याचे हूक चेसीसला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, बसवलेले आहेत का, हेही पाहावे. काही गाड्यांना बंपरमध्ये पिळून बसवायचा एक छोटा डोळा मिळतो. तो सपाट रस्त्यावर सावकाश ओढून नेण्यासाठी असतो, रुतलेली गाडी हिसक्याने काढण्यासाठी नव्हे. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर तपासून घ्यावी, कारण जुनी बॅटरी थंडीच्या पहाटेच दगा देते. विमा कंपनीला ट्रेलवरील नुकसानीबद्दल आधीच लेखी विचारावे. अपघातानंतर पॉलिसी वाचण्यात अर्थ नसतो. आदल्या दिवशी टाकी भरावी. तीव्र चढावर इंधन टाकीच्या एका कडेला जाते आणि टाकी तळाला गेलेली असेल तर पंप हवा ओढू लागतो.

सामान म्हणून विंच (तार गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र), मोठे दोर आणि चाकाखाली घालायच्या जाळीच्या पाट्या क्लबच्या अनुभवी गाड्यांत असतात. नवख्याने हवा मोजण्याचा गेज, बारा व्होल्टवर चालणारा कंप्रेसर, छोटे फावडे, जाड हातमोजे, जॅकखाली ठेवायला लाकडी फळी, अग्निशामक नळकांडे, प्रथमोपचाराची पेटी आणि माणशी किमान चार लिटर पाणी आणावे. हे सारे पट्ट्याने आवळून बांधलेले असावे. डिकीत मोकळी ठेवलेली हत्यारांची पेटी पहिल्याच उतारावर मागच्या सीटवर येऊन आदळते, आणि त्या सीटवर बहुधा कोणाचे तरी मूल बसलेले असते.

पहाटे: डांबरी रस्ता आणि सूचनांची बैठक

या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे हाताशी जेमतेम अकरा तास असतात, आणि त्यातले दोन-तीन जाण्यायेण्यात संपतात. क्लबने साडेसहाची वेळ दिली असेल तर साडेसहालाच पोहोचावे. मिसळीला वाटेत थांबणारी एक गाडी बाकी दहा गाड्यांचा तास खाते. निफाड, दिंडोरीच्या बाजूने येणाऱ्यांनी विशेष जपून यावे. गोदाकाठी पहाटे धुके असते, उसाचा हंगाम सुरू असतो आणि धुक्यात पुढे चाललेल्या बैलगाडीला किंवा ट्रॉलीला मागचा दिवा असेलच, असे नाही. काच आतूनही पुसून ठेवावी, कारण कोवळे ऊन समोरून आले की आतल्या बाजूच्या बोटांच्या डागांनी सगळे पांढरे दिसू लागते.

जमल्यावर होणारी दहा मिनिटांची बैठक लक्षपूर्वक ऐकावी. पुढची गाडी कोणाची, सर्वांत मागची कोणाची, वॉकीटॉकी कोणत्या चॅनेलवर आहे आणि परतायची शेवटची वेळ कोणती, एवढे तरी लिहून घ्यावे. ताफ्याचा मुख्य नियम साधा आहे: प्रत्येक चालक आपल्या मागच्या गाडीला जबाबदार असतो. वळणावर किंवा फाट्यावर मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचे, ती दिसली की निघायचे. हा नियम सर्वांनी पाळला तर मोबाइलला रेंज नसलेल्या हरसूलच्या डोंगरातही कोणी हरवत नाही. नवख्याची जागा सहसा दुसरी किंवा तिसरी असते. त्यात कमीपणा नाही. पुढच्याची चाके कुठून गेली, हे तिथूनच सर्वांत चांगले दिसते.

ट्रेलच्या तोंडाशी: हवा

डांबर सुटले की सगळा ताफा थांबून चाकांतील हवा कमी करतो. हवा कमी झाली की टायर जमिनीवर अधिक लांब पसरतो, दगडाला आपटण्याऐवजी त्याच्यावर बसतो आणि पकड वाढते. आपल्या भागात सर्वसाधारण गाडीसाठी २२ ते २४ पीएसआय (गेजवर दिसणारे दाबाचे माप) योग्य ठरते. वाळवंटात गाड्या चालवणारे १५ पर्यंत उतरतात, आणि व्हिडिओ पाहून आलेले काही जण इथेही तसे करतात. ते करू नये. आपली जमीन लाव्ह्यापासून झालेल्या बेसाल्टची आहे. त्याच्या फुटलेल्या कडा कोयत्यासारख्या असतात. हवा फार कमी केली की टायरची बाजू फुगून बाहेर येते आणि नेमकी त्या कडेवर घासते. नक्षीच्या भागातले पंक्चर दोरी भरून पाच मिनिटांत निघते. बाजूला पडलेली चीर तिथे निघत नाही.

हिवाळ्यात आणखी एक हिशेब ठेवावा लागतो. हवेचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. पहाटे दहा अंशांत २२ वर ठेवलेली हवा दुपारी अठ्ठावीस अंशांत काही न करता २४-२५ वर गेलेली असते, आणि चालून टायर तापल्यावर त्याहूनही वर. म्हणून जेवणाच्या थांब्यावर पुन्हा गेज लावावा. हवा कमी असताना ताशी ३०-४० किलोमीटरपेक्षा वेग नेऊ नये आणि वळणावर झटका देऊ नये.

गिअरचा लहान दांडा

थार आणि जिम्नी या दोन्ही गाड्यांत चार चाकांचा जोर हवा तेव्हाच जोडायचा असतो, आणि पुढचा व मागचा आस यांच्यामध्ये फरक सामावणारी यंत्रणा नसते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. मातीवर हा फरक चाक किंचित घसरून निघून जातो. कोरड्या डांबरावर किंवा सिमेंटवर चाक घसरत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीवर, येतो. स्टिअरिंग जड झाले, गाडी आखडत उड्या मारू लागली, की समजावे, आपण लहान दांड्याने फोर हाय (चारही चाकांना जोर, वेग नेहमीचा) घालून डांबरावर आलो आहोत.

माती लागताच फोर हाय घालावे, ते अडकल्यानंतर नव्हे. तीव्र चढ, उतार किंवा धोंड्यांची वाट पुढे दिसली की गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रल करून फोर लो (चारही चाकांना जोर, वेग कमी) घालावे. फोर लोमध्ये चाकांवरचा जोर दुपटीहून अधिक होतो आणि गाडी माणसाच्या चालीने चालते. या वेगाची सवय नसल्याने नवखा चालक सारखा क्लच दाबतो. क्लचवरून पाय काढून ठेवणे, हा पहिल्या दिवसाचा बहुधा सर्वांत अवघड धडा असतो.

जमीन पाहणे

इगतपुरीत पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सिन्नर-येवल्याची बाजू पर्जन्यछायेत आहे. त्यामुळे एकाच जिल्ह्यात, एकाच रविवारी, सिन्नरच्या माळावर मुरूम खडखडीत असतो आणि घोटीच्या बाजूला ओढ्याकाठची जमीन अजून पाणी धरून असते. त्यातही धरणांच्या पाणफुगवट्याची काळी माती फसवी. पाणी मागे हटते, वरचा थर उन्हाने पांढुरका पडतो, त्याला भेगा जातात आणि ती जमीन फरशीसारखी दिसू लागते.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या अखेरीस मुकणे धरणाच्या काठावर मी याच फरशीवर गाडी घातली. ताफा वरच्या वाटेने चालला होता. मला पाण्याच्या कडेला फोटो हवा होता. पहिले पंधरा-वीस पावले पापुद्रा चाकांखाली पापडासारखा कुडकुडत होता. मग आवाज थांबला. गाडी हळूच, जणू कोणी लिफ्ट खाली नेतो आहे, तशी बसली. मी करायचे नेमके तेच चुकीचे केले: ॲक्सिलरेटर दाबला. चारही चाकांनी काळा रबडा काचेवर उडवला आणि अर्ध्या मिनिटात दाराची खालची कड मातीला टेकली. शेजारी म्हशी चारणारे एक म्हातारबाबा काठी टेकत आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, ‘‘भाऊ, वरून वाळलंय, पण खाली अजून धरणच हाये.’’

त्यांनी मग मला म्हशींच्या खुरांचे ठसे दाखवले. वाटेजवळ ठशाची नुसती रेघ होती, दहा पावलांवर बोटभर खोली होती आणि जिथे माझी गाडी बसली होती तिथे खळग्यात पाणी चमकत होते. इतके सगळे मातीवर लिहिलेले होते आणि मी फोटोची जागा पाहत होतो.

तेव्हापासूनचा माझा क्रम असा आहे. जमीन सपाट, रिकामी आणि फार चांगली दिसली की उतरावे आणि चालून पाहावे. गुरांचे ठसे पाहावेत. टाचेने जोरात ठोसा द्यावा. पापुद्रा फुटून टाच आत गेली तर तिथे गाडी जाणार नाही. जुनी चाकोरी असेल तर ती कोणत्या वाहनाची आहे हे पाहावे, कारण ट्रॅक्टरचे मोठे मागचे चाक जिथून निघते तिथून आपली गाडी निघेलच असे नाही. ओहोळात पाणी असेल तर आधी कोणीतरी पायी ओलांडावा. थारसाठी पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर दिलेली आहे, पण ती तळ कठीण असेल तर. तळाचे धोंडे आणि खड्डे आकड्यात धरलेले नसतात.

चढ, उतार आणि धोंडे

चढ चढण्याआधी पलीकडे काय आहे ते माहीत असले पाहिजे. टोकाला पोहोचताना काचेतून फक्त आभाळ दिसते, आणि वाट डावीकडे वळते की उजवीकडे, हे ठरवायची ती वेळ नव्हे. फोर लो, दुसरा गिअर, गाडी चढाला सरळ, आणि एकसारखा पाय. मध्येच गाडी दम सोडू लागली तर ब्रेक घट्ट दाबावा, रिव्हर्स टाकावा आणि आलो त्याच रेषेत, इंजिनाच्या आधारावर सरळ मागे उतरावे. उतारावर आडवे वळून परत फिरण्याचा प्रयत्न करू नये. गाड्या उलटतात त्या बहुतेक अशाच. न्यूट्रल किंवा क्लच दाबून उतरणेही तितकेच वाईट. खाली जाताना फोर लो, पहिला गिअर आणि ब्रेकला अगदी हलका स्पर्श एवढेच पुरते.

धोंड्यांच्या वाटेवर खाली उभा राहून चालकाला वाट दाखवणारा स्पॉटर जे सांगेल तेच करावे, आणि स्पॉटर एकच असावा. पाच जण पाच दिशांनी हात हलवू लागले तर गाडी थांबवून ‘कोणाचे ऐकू?’ असे स्पष्ट विचारावे. दगड पोटाखालून काढण्याऐवजी चाक त्याच्यावर चढवावे. एक चाक हवेत जाऊन फिरू लागले की नवखा घाबरून पाय काढतो. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे देणाऱ्या गाड्यांत उलट हवे असते: पाय स्थिर ठेवावा, दोन-तीन सेकंद टकटक असा आवाज येतो आणि गाडी पुढे सरकते. जुन्या, पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जीपमध्ये अंगठे स्टिअरिंगच्या आत घालू नयेत. चाक दगडावर आपटले की स्टिअरिंग फिरते आणि अंगठा मोडू शकतो.

गाडी रुतली तर

प्रथम ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि खाली उतरावे. मुकण्याला माझ्या गाडीच्या सुटकेला तीन तास लागले. पहिल्या अर्ध्या मिनिटात थांबलो असतो तर कदाचित वीस मिनिटे लागली असती. चाकांपुढची माती फावड्याने उतरती करावी, पोटाखालची काढावी, हवा आणखी थोडी कमी करावी, चाकाखाली पाट्या घालाव्यात आणि मग प्रयत्न करावा. दोर हा त्यानंतरचा उपाय आहे.

दोर लावायची वेळ आली तर काम एका अनुभवी माणसाच्या हाती द्यावे आणि बाकीच्यांनी दूर जावे. दूर म्हणजे दोराच्या लांबीच्या किमान दीडपट. शॅकलवर, म्हणजे दोर हुकाला जोडायच्या लोखंडी कडीवर, वजनाची मर्यादा कोरलेली असते. साधारण वापरात असणाऱ्या पाऊण इंची शॅकलवर ४.७५ टन असे असते. ज्यावर काहीच कोरलेले नाही, ते हार्डवेअरच्या दुकानातले शॅकल कितीही जाड असले तरी वापरू नये. ट्रेलर ओढण्याच्या गोळ्याला दोर कधीही अडकवू नये, कारण तो गोळा तुटला तर गोळीसारखा सुटतो. दोन पट्टे लोखंडी शॅकलने एकमेकांना जोडू नयेत, कारण एक तुटला की ते लोखंड उडते. विंचच्या ताणलेल्या तारेवर जाड चादर किंवा मॅट टाकावी आणि तारेवरून पाय टाकून पलीकडे जाऊ नये. मोबाइलवर चित्रण करणारा माणूस नेहमी सर्वांत जवळ उभा असतो. त्याला आधी मागे पाठवावे.

गवत

डिसेंबरनंतर माळावरचे आणि घाटमाथ्यावरचे गवत कमरेएवढे आणि पूर्ण वाळलेले असते. गाडी त्यातून गेली की काड्या सायलेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि प्रोपेलर शाफ्टभोवती अडकतात. बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळीची गाळणी स्वतःला साफ करण्यासाठी काजळी जाळते, तेव्हा तिथले तापमान ६०० अंशांच्या आसपास जाते. अशी गाडी उंच गवतात उभी करून डबा उघडणे म्हणजे आगपेटी पेटवून ठेवण्यासारखेच आहे. थांबा नेहमी मोकळ्या मुरमावर किंवा कातळावर घ्यावा, दर थांब्याला वाकून पोटाखाली पाहावे, अडकलेले गवत हातमोजे घालून काढावे आणि अग्निशामक चालकाच्या हाताला लागेल असा ठेवावा, डिकीच्या तळाशी नव्हे. शेकोटीचा मोह हिवाळ्यात सर्वांनाच होतो. ती गावात, कोणाच्या अंगणात, त्यांच्या परवानगीने करावी.

शिवारातून जाताना

ट्रेल हा शब्द आपला; गावासाठी ती पाणंद किंवा शिवरस्ता असतो, कोणाच्या तरी शेताकडे जाणारा. वाटेवर ठिबकच्या नळ्या आडव्या टाकलेल्या असतात; त्या दिसल्या की उतरून शेतकऱ्याला विचारावे. कांद्याची लागवड चालू असते, द्राक्षबागेत मणी भरत असतात आणि बागेलगत वेगाने गेल्यास धूळ थेट घडांवर बसते. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांत भात-नागलीची खळी वाटेच्या कडेलाच असतात. खळ्यावरून चाक नेऊ नये, आणि गुरे समोर आली तर इंजिन बंद करून त्यांना जाऊ द्यावे. पाणफुगवट्यातून मोकळ्या झालेल्या जमिनीवर गाळपेर केलेली असते. कोवळा हरभरा लांबून गवतासारखाच दिसतो. मुकण्याला मला काढायला आलेली गाडी अशाच एका हरभऱ्याच्या पट्ट्यावरून गेली, हे आम्हाला बाबांनी दाखवल्यावर कळले. तो पट्टा त्यांचाच होता. त्यांनी भरपाईचा शब्द काढला नाही, आम्ही काढला. पण आधी उतरून विचारले असते तर त्याची वेळच आली नसती.

वनजमिनीत वनविभागाच्या परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही. बोरगड आणि अंजनेरी ही संवर्धन राखीव क्षेत्रे आहेत, नांदूरमध्यमेश्वर हे रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे आणि हिवाळा हाच तिथल्या स्थलांतरित पक्ष्यांचा काळ. क्लबने मार्ग ठरवताना परवानग्या कोणाकडून घेतल्या, हे नवख्याने निःसंकोच विचारावे. उत्तर देताना टाळाटाळ झाली तर दुसरा क्लब पाहावा.

परतताना

डांबर लागण्याआधी टू हाय (फक्त मागच्या चाकांना जोर) घालावे आणि कंप्रेसरने हवा दारावरील पत्रकाइतकी भरावी. चार चाकांना वीस-पंचवीस मिनिटे लागतात, तोवर अंधार पडतो आणि थंडी वाढते. म्हणून कोरडे कपडे आणि हातबत्ती वरच ठेवावी. सर्वांत मागची गाडी आल्यावर मोजणी होते, त्याआधी कोणी निघू नये. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घ्यावी, गवताच्या उरलेल्या काड्या काढाव्यात आणि चाकांचे नट पुन्हा आवळावेत. शेवटी प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूवरून, जी बाजू उभ्याने दिसत नाही, हात फिरवावा. बेसाल्टची चीर बहुतेक वेळा तिथेच सापडते.